बाहेरचं तोंडाला लावत नाही

सुनेने न्हाणीघराची कडी लावली आणि आत पाण्याचा आवाज सुरू झाला, तशी चेकरबाईंनी गॅसवरच्या पातेल्याचं झाकण उचललं. आधी वास घेतला. भाजीत वावगं काही दिसलं नाही. पण दिसेल कसं? करणारा काय दिसेल असं करतो? त्यांनी चमचाभर भाजी उचलली, फुंकर मारून निववली, औषधाच्या रिकाम्या बाटलीत भरली आणि बूच दाबून बसवलं. बाटलीवर चिकटपट्टी, पट्टीवर तारीख. फ्रिजच्या बर्फाच्या खणात, मटारच्या पिशवीमागे सहा बाटल्या रांगेत उभ्या होत्या. ही सातवी.

"कुठवर लपवशील गं," त्या पुटपुटल्या आणि चमचा धुऊन जागच्या जागी ठेवला.

त्यांना सगळे चेकरबाईच म्हणत. तयार कपड्यांच्या कारखान्यात शेवटच्या टेबलावर एकतीस वर्षं त्यांनी शर्ट तपासले होते. शर्ट हातात आला की त्या आधी तो उलटा करायच्या. वरून काय, सगळेच छान दिसतात. आतली शिवण बघून कुठल्या मशीनवरच्या बाईने शिवलाय, त्या दिवशी तिचं घरी भांडण झालं होतं का, इथपर्यंत त्या सांगायच्या, आणि बहुतेक वेळा खरं निघायचं. कारखाना सुटला, डोळा काही सुटला नाही. आता त्या डोळ्यापुढे शर्ट नव्हते, सून होती.

लेक लिफ्ट दुरुस्तीच्या कामाला. सहा वर्षं दुसऱ्या गावी कंपनीच्या खोलीवर एकटा राहिला, तिथे त्याला साधी शिंक आली नाही. मग लग्न झालं. बदली मागून तो बायकोला घेऊन आईकडे राहायला आला आणि महिना उलटायच्या आत पोट धरून बसायला लागला. सकाळी कामावर पोचावं, की थोड्याच वेळात पोट ढोलासारखं फुगावं, मुरडा यावा, पळापळ व्हावी. दोनदा तर शाफ्टमध्ये शिडीवर असतानाच कळ आली. दुसऱ्या खेपेला हातातला पाना चार मजले खाली गेला. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. साहेबाने त्याला शिडीवरून उतरवला, गोदामात बसवला आणि सांगितलं, दोन महिन्यांत ठणठणीत हो, नाही तर दुसरीकडे बघ.

लग्न झालं आणि पोट बिघडलं. याहून सरळ काय असतं? त्यात सून औषधांच्या दुकानात कामाला. पर्समध्ये कायम कसली ना कसली पाकिटं. चेकरबाईंनी एकदा लेकाला बाजूला घेऊन विचारलंही होतं, "खरं सांग राजा, हिच्या हातच्या जेवणानं होतं का रे?" तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "असेल." बस. त्या 'असेल'नंतर बाईंची झोप उडाली.

पोर डोळ्यांदेखत सुकत चाललेलं. मग त्या काय करणार? सकाळी साडेसहाला, सून आवरत असायची तेव्हा, त्या स्वतः दूध तापवायच्या. मोठा ग्लास, साय न काढता, दोन चमचे साखर घालून. दिवसभरातली ही एकच गोष्ट सुनेच्या हाताखालून जात नव्हती. तो उभ्याउभ्या एका दमात प्यायचा, ग्लास परत आईच्या हातात द्यायचा आणि "वा" म्हणायचा. त्या एका 'वा'वर बाईंचा दिवस निघायचा. माझा लेक कुणाचं मन मोडत नाही, असं त्या शेजारणीला सांगायच्या, आणि सांगताना त्यांचा ऊर भरून यायचा.

डॉक्टरांकडे तिघंही गेले. आत गर्दी नको म्हणून चेकरबाईंनी सुनेला बाहेरच्या बाकावर बसवलं. डॉक्टर म्हणजे वयाने लहानशीच बाई होती, पण घाई नसलेली. तिने लेकाच्या हातावर पेनने आकडे घातले, एकेका आकड्याशेजारी एकेक थेंब सोडला आणि प्रत्येक थेंबातून सुईचं टोक जरासं टोचलं. पंधरा मिनिटं थांबायचं होतं. बाई त्या थेंबांकडे टक लावून बसल्या होत्या.

"दूध, अंडं, गहू, शेंगदाणा, सोयाबीन, मासे," डॉक्टर हातावर बोट फिरवत म्हणाली. "एकाचीही गांधी उठली नाही. ही कडेची उठलीय ना, ती आम्ही मुद्दामच उठवतो, कातडी जागी आहे ना हे बघायला. रक्तही स्वच्छ आहे. अ‍ॅलर्जी नाही यांना."

"वाटलंच मला," चेकरबाई म्हणाल्या. "अन्नाचा दोष नव्हेच तो."

"अन्नाचा दोष नाही असं कुठे म्हटलं मी? अ‍ॅलर्जी नाही म्हटलं. हल्ली काही बाधलं की लोक सरसकट अ‍ॅलर्जी म्हणतात." डॉक्टरने खुर्ची पुढे ओढली. "अ‍ॅलर्जी म्हणजे कसं, दारावरचा रखवालदार घरच्या पाहुण्यालाच चोर समजतो आणि धुमाकूळ घालतो. अंगभर गांधी, ओठ सुजतात, श्वास कोंडतो. कणभर पोटात गेलं तरी होतं, आणि लगेच होतं. जिवावर बेततं कधी कधी. एखादा पदार्थ न मानवणं वेगळं. तिथे रखवालदाराचा काही संबंध नाही, पचवणारा कमी पडतो. पोट फुगतं, कळा येतात, पळावं लागतं. जीव जात नाही, पण नकोसा होतो. आणि ते किती खाल्लं यावर असतं. थोडं असलं तर खपून जातं."

चेकरबाईंनी कान टवकारले. "म्हणजे थोडं थोडं घातलं, तर कुणाला कळायचंसुद्धा नाही?"

"कुणी घातलं तर?"

"नाही, आपलं विचारलं."

डॉक्टरने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि ती लेकाकडे वळली. "दूध-दही कितपत असतं?"

"बाहेरचं दूध तो तोंडाला लावत नाही," चेकरबाईंनीच उत्तर देऊन टाकलं. बाहेरचं पाणी घातलेलं, परवाचं, कुणाच्या हातचं कोण जाणे. त्यांच्या पोराला त्यांनी तसं वळणच लावलं नव्हतं.

"चहासुद्धा कोराच घेतो मी," लेक म्हणाला. तो हातावरचे आकडे पुसण्यात गुंतला होता.

डॉक्टरने कागदावर काहीतरी लिहिलं आणि खणातून एक कोरी वही काढली. रोज, जे पोटात जाईल ते सगळं लिहायचं. काय, किती, किती वाजता. त्रास कधी झाला, किती वेळ राहिला. जो खातो त्यानेच लिहायचं, दुसऱ्याने नाही. चार आठवडे. मधे मी फोनवर सांगेन तसं एकेक बंद करून बघू.

पहिल्या आठवड्यात काही बदललं नाही. दुसऱ्या आठवड्यात अंडी बंद झाली, तिसऱ्यात गहू. सून बिचारी पाकिटांवरची बारीक अक्षरं वाचून वाचून सामान आणायची, भांडी दोनदा घासायची. तरी सकाळचे साडेआठ झाले की लेकाचं पोट आपल्या वेळेवर हजर. गव्हालाही दोष नाही, अंड्यालाही नाही, मग आता राहिलं कोण? चेकरबाई बाटल्या भरत राहिल्या.

शनिवारी सकाळी भात निवत ठेवता ठेवता सून म्हणाली, "आई, बर्फाच्या खणात अठरा बाटल्या झाल्या."

"कसल्या बाटल्या?"

"माझ्या भाजीच्या. बुचं सैल आहेत त्यांची, सगळा खण वास मारतोय. फिरकीच्या झाकणाच्या आणून देऊ का दुकानातून?"

चेकरबाईंना तोंडात मारल्यासारखं झालं. पण त्या अशा तशा हार जाणाऱ्यातल्या नव्हत्या. "मी कुठे काही म्हटलं तुला?"

"तेच तर. म्हणत नाही तुम्ही. म्हटलं असतंत तर भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते." सुनेने गॅस बंद केला. "आठ महिने मी चमचा हलवते तेव्हा तुमचे डोळे माझ्या हातावर असतात. आता मलाच माझ्या हाताची भीती वाटायला लागलीय. दुकानामागच्या गल्लीत एक खोली बघितलीय मी. डॉक्टरांना काही सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर एक तारखेला मी जाते. तो आला तर आला. नाही आला तर राहील तुमच्यापाशी."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"बघू, म्हणाला."

सून डबा घेऊन कामावर गेली. चेकरबाईंना आनंद व्हायला हवा होता, आणि खोटं कशाला बोला, झालाही जरासा. पण पाठोपाठ दुसरा विचार आला. तो तिच्यामागे गेला तर? या तीन खोल्यांत सकाळी साडेसहाला उठून त्या कुणासाठी काय करणार होत्या? छे, तिला जायचं तर जाऊ दे, पण जाण्याआधी तिचं करणं उघडं पडलंच पाहिजे, म्हणजे तो तिच्यामागे जाणार नाही.

म्हणून त्याच दुपारी, घरात कुणी नसताना, त्यांनी लेकाच्या टेबलावरची वही उचलली. चष्मा पुसला. खिडकीशी बसल्या.

सुनेच्या हातचं काय खाल्लं की काय होतं, ते शोधायला त्या बसल्या होत्या. सरळ वाचून काही हाती लागेना, तेव्हा त्या शेवटून पहिल्या पानाकडे वाचत गेल्या. वही सुरेख लिहिली होती. अक्षर लेकाचंच, शाळेत असल्यापासूनचं, उजवीकडे झुकणारं. खोकल्याची गोळी, अर्धी. शेजारच्या टेबलावरच्याने दिलेलं बिस्कीट, अर्धं. गोदामातल्या एकाच्या निरोपसमारंभात केक होता, खाल्ला नाही. काय न खाल्लं तेसुद्धा लिहिणारा माणूस! बाईंना कौतुक वाटलं. त्या पुन्हा वाचायला लागल्या. सकाळी सव्वासात, नाश्ता. सकाळी सव्वासात, नाश्ता. सव्वासात.

आणि साडेसहा?

उसवलेला टाका कुणालाही दिसतो. घालायचाच राहून गेलेला टाका शोधायला चेकर लागतो. बाईंनी एकेक पान बोट ठेवून तपासलं. एकवीस दिवस. एकवीस मोठे ग्लास. वहीत एकही नव्हता.

आधी त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. हिचंच काम! सासूच्या हातचं तेवढं गाळायला लावलं असणार, म्हणजे सासूचं या घरात काही नाही असं डॉक्टरला दिसावं. पण राग फार वेळ टिकेना. सून त्या वेळी न्हाणीघरात असते. ग्लास तिला दिसतसुद्धा नाही. अर्धं बिस्कीट लिहिणारा माणूस शेरभर दूध विसरतो कसा? आणि केक का नाही खाल्ला? चहा कोरा का? या वहीत दह्याचा चमचा नाही, लोण्याचा कण नाही. बाहेर, घरात, सगळीकडे हा माणूस दुधापासून चार हात लांब आहे, फक्त सकाळी साडेसहाला एका ठिकाणी नाही.

वही मांडीवर तशीच राहिली. त्यांना लेकाची शाळा आठवली. रोज सकाळी दप्तर पाठीला लावलं की याचं पोट दुखायचं. रविवारी त्या जादा कामाला जायच्या, ग्लास झाकून ठेवून. त्या दिवशी मात्र पठ्ठ्या दिवसभर हुंदडायचा. "शाळा आली की बरं दुखतं रे तुझं पोट," त्या म्हणायच्या. एकदा तर पाठीत धपाटाही घातला होता. आठ वर्षांचं पोर. रविवारचा तो ग्लास कुठे जात असेल, हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"नाही," त्या मोठ्याने म्हणाल्या. "दुधानं कधी कुणाचं वाईट झालंय?"

पण वहीशी खोटं बोलणं त्यांना जमेना. डॉक्टर म्हणालीच होती, बंद करून बघायचं. बघू.

रविवारी सकाळी लेक आवरून आला तेव्हा त्या म्हणाल्या, "आज दूध नासलं बघ." तो "बरं" म्हणाला. सोमवारी म्हणाल्या, दूधवाला आला नाही. मंगळवारी पातेलं उतू गेलं. बुधवारी सांगायला काही सुचेना म्हणून त्या नुसत्याच ओट्याशी उभ्या राहिल्या. त्याने पाणी प्यायलं, बूट घातले आणि तो शीळ घालत जिना उतरला. शीळ! ती बाईंनी सहा-सात वर्षांत ऐकली नव्हती. मंगळवारीच त्याचं पोट गप्प झालं होतं. शुक्रवारी साहेबाने त्याला तासभर शिडीवर जाऊ दिलं.

आठवडाभरात त्याने एकदाही विचारलं नाही, आई, दूध कुठे आहे म्हणून. एकदाही नाही. ते न विचारणं चेकरबाईंना आतून पोखरत राहिलं. त्याला ठाऊक होतं. आज नाही, काल नाही, कधीपासूनचं ठाऊक होतं.

आता काय? एक तारीख पाच दिवसांवर आली होती. त्या गप्प बसल्या असत्या तर सगळं आपोआप त्यांच्या मनासारखंच झालं असतं. लेक बरा, डॉक्टरांना सापडलेलं काही नाही, सून आपल्या खोलीवर. ती गेली आणि याचं पोटही थांबलं, असं सगळ्यांनीच म्हटलं असतं. त्यांना तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. दोन दिवस त्यांनी हा विचार मनात घोळवला, आणि लाज वाटली तरी सोडला नाही.

शनिवारी संध्याकाळी सून त्यांच्याजवळ येऊन बसली. तिचे हात कोरडे पडले होते, बोटांना भेगा होत्या.

"आई, मला सापडलं," ती हळूच म्हणाली. "माझ्या हाताला लावायचं मलम. दुकानात दिवसभर हात धुऊन फुटतात ना, म्हणून लावायची. गेल्या रविवारी संपलं, आणलं नाही. आणि तेव्हापासूनच तो बरा आहे. त्याचंच काहीतरी भाजीत उतरत असणार. म्हणजे तुमचं खरं होतं. मीच घालत होते, मला कळत नव्हतं इतकंच."

आणि ती रडायला लागली. आवाज न करता, हात मांडीत लपवून.

चेकरबाईंना एकच शब्द बोलायचा होता. 'असेल' म्हटलं की झालं. तो शब्द जिभेवर आला आणि तिथेच त्यांना त्याची किळस आली. त्यांनी तेलाची वाटी आणली, सुनेचे हात ओढून घेतले आणि भेगांना तेल चोळायला लागल्या. बोलल्या मात्र काही नाहीत. इतकं धैर्य अजून नव्हतं.

सोमवारी डॉक्टरने लेकाला उपाशीपोटी बोलावलं होतं. या वेळी चेकरबाई म्हणाल्या, "ती पण आत येईल." तिघं रांगेत बसले.

डॉक्टरने वही चाळली. "आठवडाभर त्रास नाही. छान. काय बदललं?"

"माझं मलम—" सुनेने सुरुवात केली.

"दूध," चेकरबाई म्हणाल्या. "मी त्याला रोज सकाळी मोठा ग्लास देते. रविवारपासून बंद केलंय."

डॉक्टरने पहिल्या दिवसाचा कागद काढला. "दूध घेत नाही असं लिहिलंय मी."

"बाहेरचं घेत नाही म्हटलं होतं मी. घरचं घेतो."

"आणि वहीत?"

सुनेने मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. तिचे ओठ उघडले, "तू तर मला..." आणि ती थांबली. ती नजर चेकरबाईंनी पाहिली. आठ महिन्यांचं सगळं आता कुणाच्या डोक्यावर कोसळणार होतं, ते त्यांना लख्ख दिसलं, आणि शेवटी आईच ती.

"मीच सांगितलं होतं त्याला, दूध लिहू नकोस म्हणून," त्या बोलून गेल्या. "म्हटलं, आईच्या हातचं ते काय लिहायचं. माझीच चूक."

मग त्या थांबल्या. आता तो म्हणेल, नाही आई, तू कुठे सांगितलंस. आता म्हणेल. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. तो बुटांच्या टोकांकडे बघत होता. त्याने खोल श्वास घेतला आणि हलकेच सोडला, एखादं ओझं दुसऱ्याने उचलल्यावर माणूस सोडतो तसा. बोलला मात्र काहीच नाही.

गेल्या आठ महिन्यांत सुनेने हेच किती वेळा पाहिलं असेल, हे चेकरबाईंना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

"दुधाची अ‍ॅलर्जी नाही, ते आपण पाहिलंच," डॉक्टर सांगत होती. "दुधातली साखर पचत नसावी. खूप जणांना मोठेपणी पचत नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तीच साखर पाण्यातून देते, दर अर्ध्या तासाने नळीत फुंकायचं, श्वासावरून कळतं. तीन तास लागतील. तुम्ही दोघी बाहेर बसा."

बाहेरचा बाक लांब होता. दोघी त्याच्या दोन टोकांना बसल्या. भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे होतं.

"तुम्ही नव्हतं सांगितलं त्याला," सून म्हणाली.

"कशावरून?"

"पहिल्याच महिन्यात विचारलं होतं मी. दुकानात असे लोक येतातच रोज. म्हटलं, दुधानं तर होत नसेल तुला? तर म्हणाला, मी कुठे पितो, आईची पाठ वळली की मोरीत ओततो."

"एक थेंब ओतला नाही त्यानं," चेकरबाई म्हणाल्या. "माझ्यासमोर प्यायचा. वर 'वा' म्हणायचा."

"का पण?"

"माझं मन मोडू नये म्हणून." हे त्या पूर्वी शेजारणीला कितीदा सांगत असत. आज ते तोंडातून निघताना कडू लागलं. पुढचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कुणी विचारलं नव्हतं. "आणि मी त्याला विचारलं होतं, हिच्या जेवणानं होतं का रे. तर म्हणाला, असेल."

सून हलली नाही. "असेल?"

"असेल."

आत कुणीतरी नळीत फुंकत होतं. सुनेने पर्समधून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही. नुसता घडी घालत आणि मोडत बसली.

"मी अठरा बाटल्या भरल्या गं," चेकरबाई म्हणाल्या. "चुकले मी."

"वीस," सून म्हणाली. "दोन मटारच्या पिशवीत गेल्या होत्या."

चेकरबाई बाकावरून सरकत सरकत मधे आल्या. सून सरकली नाही, पण तिने पर्स उचलून मांडीवर घेतली, जागा व्हावी म्हणून.

"ती खोली अजून आहे का?"

"एक तारखेपर्यंत धरून ठेवलीय."

"केवढी आहे?"

"दोघांपुरती."

चेकरबाईंनी बंद दाराकडे पाहिलं. "दोघींना पुरेल?"

सुनेने झटकन वळून त्यांच्याकडे पाहिलं. थट्टा आहे की काय ते तिला कळेना, आणि खरं सांगायचं तर बाईंनाही कळत नव्हतं. तिला हसू फुटलं, ते दाबायला तिने रुमाल तोंडावर धरला, आणि मग रुमालाआड ती हसतेय की रडतेय ते ओळखता येईना. चेकरबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

दार उघडून नर्स बाहेर आली. "पेशंटच्या पोटात फार कळा यायला लागल्यात. त्यांच्याबरोबर कोण आहे?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीच लगेच उठलं नाही, आणि नर्सला पुन्हा विचारावं लागलं.